देह जाळायचा, मग पुन्हा घडवायचा : भूतशुद्धी, न्यास आणि देहबुद्धी

खडीसाखर (धागाकर्ता)

देहबुद्धी, म्हणजे 'मी म्हणजे हा देह' ही समजूत, सोडा, असं आपल्याकडे कीर्तनापासून व्हॉट्सॲपपर्यंत सगळेच सांगतात. सोडायची कशी, इथे आलं की बहुतेकांची गाडी 'नामस्मरण करा'वर थांबते. तंत्रग्रंथ मला आवडतात ते यासाठी की ते पाककृतीसारखं सांगतात : कुठल्या नाकपुडीने, कुठलं बीज (एका अक्षराचा मंत्र), किती वेळा. हे ग्रंथ मी टीका आणि अनुवादांच्या आधाराने वाचतो. दीक्षा घेतलेली नाही, त्यामुळे साधनेतला अधिकार सांगत नाही. वाचून एक मत बनलंय ते मांडतो. जाणकारांनी खुशाल तुटून पडावं.

मत असं : तंत्रात देहाभिमान घालवायची रीत 'मी देह नाही, मी देह नाही' असं घोकायची नाही. आधी हा देह भावनेने मोडायचा, मग मंत्राने पुन्हा बांधायचा, आणि त्या नव्या देहात 'मी'ची हद्द नेमकी कुठे संपते ते सापडेनासं करायचं.

घरच्या पूजेत गुरुजी 'शरीरशुद्ध्यर्थं' म्हणत छाती, डोकं, शेंडी, दंड, डोळे यांना झरझर हात लावायला लावतात आणि टाळी वाजवून पुढे जातात. हा षडंगन्यास. (न्यास म्हणजे मंत्र म्हणत तो अंगावर ठेवणं.) सगळं मिळून अर्धा मिनिट. त्याच्या आधी तांत्रिक पूजापद्धतीत भूतशुद्धी असते, म्हणजे देहातल्या पाच महाभुतांची शुद्धी, ती नीट केली तर पूजेपेक्षा तिलाच जास्त वेळ लागेल.

क्रम साधारण असा. हृदयातला जीव 'हंसः' या मंत्राने सुषुम्नेच्या (पाठीच्या कण्यातल्या नाडीच्या) वाटेने वर नेऊन सहस्रारात, म्हणजे डोक्याच्या माथ्यावरच्या चक्रात, परमशिवाशी जोडायचा. खाली उरलं ते मालकाविना शरीर. आता ते उकलायचं. पावलांपासून गुडघ्यांपर्यंत पृथ्वी, चौकोनी, पिवळी, बीज लं. गुडघ्यांपासून नाभीपर्यंत पाणी, अर्धचंद्रासारखं पांढरं, वं. नाभीपासून हृदयापर्यंत अग्नी, लाल त्रिकोण, रं. हृदयापासून भुवयांपर्यंत वायू, यं. त्याच्या वर आकाश, हं. (सीमा पद्धतीनुसार थोड्या सरकतात.) पृथ्वी पाण्यात विरवायची, पाणी अग्नीत, अग्नी वायूत, वायू आकाशात, आकाश अहंकारात, अहंकार महत्तत्त्वात, ते प्रकृतीत, आणि प्रकृती ब्रह्मात.

मग येतो पापपुरुष. डाव्या कुशीत बसलेला, काळा, अंगठ्याएवढा. ब्रह्महत्या हे त्याचं डोकं, सोन्याची चोरी हे दोन हात, सुरापान हे हृदय, गुरुपत्नीगमन ही कंबर, आणि असल्या लोकांची संगत हे पाय. बारीकसारीक पातकं म्हणजे अंगावरचे केस. दाढी आणि डोळे लाल, हातात ढाल-तलवार. हे ज्याने कोणी रचलं त्याच्या कल्पनाशक्तीला माझा नमस्कार, कारण 'पाप' ही हवेतली गोष्ट त्याने पोटात, डाव्या बाजूला, नक्की जागेवर आणून बसवली. आता डाव्या नाकपुडीने श्वास घेत यं १६ वेळा, रोखून ६४ वेळा, उजवीने सोडत ३२ वेळा : या वाऱ्याने तो पापपुरुष शरीरासकट वाळतो. मग याच मापाने रं : जळून राख. मग वं : मस्तकातल्या चंद्रातून अमृत झरतं, राख भिजते. लं ने ती घट्ट होते, हं ने अवयव फुटतात. भुतं उलट्या क्रमाने परत आपापल्या जागी येतात आणि 'सोऽहं'ने जीव खाली उतरतो.

यानंतर स्वतःच्या हृदयावर हात ठेवून आं ह्रीं क्रौं. ओळखीचं वाटलं ना? गणेशचतुर्थीला मूर्तीची प्राणप्रतिष्ठा करताना गुरुजी हेच म्हणतात. शाडूच्या मूर्तीला जे करतात तेच इथे साधक स्वतःच्या नव्या देहाला करतो. मग मातृकान्यास : अ कपाळावर, आ चेहऱ्यावर, इ-ई डोळ्यांवर, उ-ऊ कानांवर, ऋ-ॠ नाकपुड्यांवर, पुढे कवर्ग उजव्या हातावर, चवर्ग डाव्या, टवर्ग उजव्या पायावर, तवर्ग डाव्या. अख्खी वर्णमाला अंगावर. हाडामांसाच्या जागी अक्षरं. यानंतरच पूजा, कारण नियमच आहे : देव होऊन देवाची पूजा करावी.

आता काश्मीरकडे, तिथल्या शैव तंत्राकडे. विज्ञानभैरव तंत्रात ११२ धारणा (ध्यानाच्या युक्त्या) आहेत, त्यातल्या बऱ्याच थेट देहावर काम करतात. ५२ वा श्लोक :

कालाग्निना कालपदादुत्थितेन स्वकं पुरम् ।
प्लुष्टं विचिन्तयेदन्ते शान्ताभासस्तदा भवेत् ॥

कालपद म्हणजे उजव्या पायाचा अंगठा. तिथून उठलेल्या काळाग्नीने आपलं 'पुर', म्हणजे हे शरीर, जळालं असं चिंतायचं. भूतशुद्धीतलाच अग्नी, पण बीज नाही, मोजणी नाही, पापपुरुषही नाही. दुसऱ्या एका धारणेत कातडी ही नुसती भिंत आहे आणि आत काहीच नाही असं ध्यान करायला सांगितलंय. आणि १०४ वा श्लोक मला सगळ्यात धाडसी वाटतो : विहाय निजदेहास्थां सर्वत्रास्मीति भावयन्. आपल्या देहाची आस्था सोडून 'मी सगळीकडे आहे' अशी भावना. यात 'मी' पुसलेला नाही हे बघा. त्याला मोकळा सोडलाय.

काश्मिरी शैवांच्या मूळ ग्रंथात, शिवसूत्रांत, याचंच तीन टप्प्यांत सूत्र सापडतं, पण ते नंतर. आधी तुमचं ऐकतो.


निवांत नाना

वाचतोय. पापपुरुषाच्या केसांपर्यंत पोचल्यावर चहा गार झाला. पुढचं लवकर टाका.


अनुस्वार

धागा अभ्यासपूर्ण आहे, पण मूळ मतालाच आक्षेप. हा सगळा खटाटोप कशासाठी? देह मुळात मी नव्हतोच, मग जाळायचा कोण आणि बांधायचा कोण? निर्वाणषट्कात शंकराचार्यांनी मन, बुद्धी, अहंकार, चित्त, पंचभुतं यांना एकेक करून बाजूला ठेवलं. समर्थही 'देहेबुद्धि ते आत्मबुद्धी करावी' एवढंच म्हणतात, १६:६४:३२ सांगत नाहीत. दोरीवरचा साप दिवा लावून जातो, त्याला जाळावं लागत नाही. उलट या भावनेने देहाकडेच जास्त लक्ष जातं असं नाही का वाटत?


खडीसाखर (धागाकर्ता)

@अनुस्वार, प्रश्न रास्त आहे आणि काश्मिरी शैवांनी त्याला सरळ उत्तर दिलंय.

त्यांच्या मते आपण स्वतःला फक्त देहच समजतो असं नाही. चार ठिकाणी 'मी' अडकतो : देह, बुद्धी, प्राण आणि शून्य. गाढ झोपेत देह नाही, विचार नाही, तरी 'मला काही कळलं नाही' असं म्हणणारा कोणीतरी शिल्लक असतो, तो शून्यातला मी. 'हे नाही, ते नाही' करत गेलं की बरेचदा इथेच मुक्काम पडतो आणि माणसाला वाटतं पोचलो. क्षेमराज या काश्मिरी शैव आचार्याने प्रत्यभिज्ञाहृदयात, २० सूत्रांच्या छोट्याशा पुस्तकात, निरनिराळी दर्शनं या पायऱ्यांवर नेऊन बसवली आहेत. चार्वाक देहावर, बौद्ध बुद्धीच्या वृत्तींवर, माध्यमिक (शून्यवादी बौद्ध) शून्यावर. (अर्थात सगळ्यात वर तो स्वतः. दर्शनकार म्हटले की हे आलंच.)

त्यामुळे त्यांच्या लेखी देह नाकारणं पुरेसं नाही. नाकारणाराही एक छोटा मीच असतो. म्हणून ते उलटीकडून येतात. शिवसूत्रांतली तीन सूत्रं बघा :

१.१४ दृश्यं शरीरम्. जे जे दिसतं ते सगळं शरीर.
२.८ शरीरं हविः. शरीर ही आहुती.
३.२६ शरीरवृत्तिर्व्रतम्. शरीराने जगत राहणं हेच व्रत.

पहिल्यात 'माझं शरीर' एवढं मोठं केलं की समोरचा डोंगरही त्यात आला. दुसऱ्यावर क्षेमराज काय म्हणतो ते मला फार नेमकं वाटतं : सगळ्या लोकांनी ज्याला 'जाणणारा' म्हणून अभिषेक केला आहे असं हे शरीर, ते चैतन्याच्या अग्नीत टाकायचं. म्हणजे हविर्द्रव्य मांस नाही. त्या मांसाला आपण दिलेलं राजेपद हे हविर्द्रव्य. तिसऱ्यापर्यंत येता येता शरीर शाबूत आहे, खातंय, पितंय, चालतंय, आणि वेगळं व्रत करायची गरज उरलेली नाही.

तुमचा दोरी-सापाचा दृष्टांत तिथे लागू होत नाही कारण त्यांना दोरीच नको आहे असं नाही, आणि सापही खोटा नाही. दोन्ही शिवाचीच रूपं.


मोहोळ

खडीसाखर, एवढं सगळं काश्मीरचं सांगितलंत आणि आळंदीला वळसा घातलात? ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय काढून बसा.

कुंडलिनी उठते (नागाचें पिलें, कुंकुमें नाहलें), मग ती काय करते? शरीर खाते. मांस खाते, तळवे-तळहातही सोडत नाही. पृथ्वी आणि आप ही दोन भुतं खाऊन झाली की 'संपूर्ण धाये' आणि सुषुम्नेपाशी सौम्य होऊन बसते. हे तुमचं शोषण आणि दहन. मग वरून 'चंद्रामृताचें तळें' कलतं आणि शक्तीच्या मुखात मिळतं. हे तुमचं वं बीज. मग जो देह तयार होतो तो 'कनकचंपकाचा कळा, कीं अमृताचा पुतळा'. हा नवा देह. आणि शेवटी तोही ठेवायचा नाही :

पृथ्वीतें आप विरवी । आपातें तेज जिरवी ।
तेजातें पवनु हरवी । हृदयामाजीं ॥

तुम्ही वर लिहिलेला लयक्रम शब्दाशब्दाने. याच प्रकरणात माउली सांगून टाकतात की ही गोष्ट कुणाची : 'पिंडें पिंडाचा ग्रासु । तो हा नाथसंकेतींचा दंशु'. गीतेच्या सहाव्या अध्यायात कुंडलिनीचं नाव नाही. माउलींनी १२९० मध्ये नाथांचं गुपित मराठीत, देवळाच्या ओट्यावर बसून ऐकणाऱ्यांसमोर मांडलं. आणि अमृतानुभवात तर थेट नाव घेऊन :

आणि ज्ञान बंधु ऐसें । शिवसूत्राचेनि मिषें ।
म्हणितलें असें । सदाशिवें ॥

शिवसूत्रांच्या पहिल्या उन्मेषातलं (भागातलं) दुसरं सूत्र, ज्ञानं बन्धः. काश्मीरची सूत्रं तेराव्या शतकात गोदावरीकाठी माहीत होती, याचा याहून सरळ पुरावा नको.

नाथांच्या सिद्धसिद्धांतपद्धतीतही हेच. सहा उपदेशांपैकी पहिल्या पाचांच्या नावातच 'पिंड' आहे. तिसऱ्यात पिंडात ब्रह्मांड बघायचं : तळपायात कूर्म, अंगठ्यात पाताळ, असं वर वर. पाचव्यात पिंड आणि परमपद समरस. देह टाकून कुठे जायचंच नाही.

एक फरक मात्र लक्षात घ्या. पूजेतली भूतशुद्धी ही भावना आहे, रोज करायची, १०-१५ मिनिटांत संपणारी. ज्ञानेश्वरीतलं वर्णन वज्रासनात बंध लावून बसलेल्या योग्याचं, प्रत्यक्ष घडणारं म्हणून सांगितलेलं. दोन्ही एकच समजू नये.


खडीसाखर (धागाकर्ता)

@मोहोळ, वा! चंद्रामृताचं तळं आणि वं हे जुळणं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटचा फरकही महत्त्वाचा. माझा अंदाज असा की भावना ही योग न जमणाऱ्यांसाठी केलेली सोय आहे, पण तांत्रिक लोक भावनेला कमी मानत नाहीत. त्यांच्या मते 'मी पाच फूट सात इंच' ही पण भावनाच आहे, फक्त जुनी आणि चांगली मुरलेली.


गोमुखी

माझ्याकडे श्रीविद्येची (श्रीचक्रावरच्या देवीच्या तांत्रिक उपासनेची) दीक्षा आहे, म्हणून जेवढं छापील ग्रंथांत उघड आहे तेवढंच लिहिते. बाकी विचारू नका, सांगणार नाही.

भावनोपनिषद नावाचं छोटंसं उपनिषद आहे. त्यात बाहेरची श्रीचक्रपूजा संपूर्ण आत ओढून घेतली आहे. देह हे नवरत्नद्वीप. शरीराची नऊ द्वारं म्हणजे श्रीचक्राची नऊ चक्रं. देवीच्या हातातला उसाचा धनुष्य म्हणजे आपलं मन, पाच फुलांचे बाण म्हणजे शब्द, स्पर्श, रूप, रस, गंध. पाश म्हणजे आपली आसक्ती आणि अंकुश म्हणजे आपला द्वेष. काम, क्रोध, लोभ, मोह, मद, मत्सर आणि वर पुण्य, पाप या आठ जणी ब्राह्मी वगैरे शक्ती आहेत.

राग आला तर तो कापून टाका असं इथे म्हटलेलं नाही. तो द्वेष देवीच्या हातातला अंकुश आहे. मग तो 'माझा' राग कुठे राहिला? माझ्यापुरतं सांगते, 'मी शांत राहीन' असं ठरवून जे कधी जमलं नाही ते या एका ओळीने थोडंफार जमतं. देहाभिमान फक्त कातडीत नसतो, 'माझा स्वभावच असा' यातही तो असतोच.

या उपनिषदावर भाष्य आणि प्रयोगविधी लिहिला तो भास्कररायांनी, अठराव्या शतकात. मूळ घराणं महाराष्ट्रातलं, वडील गंभीरराय भारती, शेवटी स्थायिक झाले कावेरीकाठी, तंजावरच्या मराठ्यांच्या राज्यात. आपल्याकडे त्यांचं नाव फारसं कुणी घेत नाही. तामिळनाडूत श्रीविद्येचा माणूस त्यांच्याशिवाय पाऊल टाकत नाही.

आणि ज्यांना हे सगळं लांबचं वाटतंय त्यांनी रामरक्षा आठवावी. 'शिरो मे राघवः पातु, भालं दशरथात्मजः' पासून पायांपर्यंत एकेक अवयव. सुरुवातीला ऋषी बुधकौशिक, छंद अनुष्टुप, शक्ती सीता, कीलक हनुमान. हा साचा तंत्रातल्या कवचांचाच (एकेका अवयवाचं रक्षण मागणाऱ्या स्तोत्रांचाच) आहे. दिवेलागणीला लहान मुलं म्हणतात म्हणून तो न्यास नाही असं कोण म्हणेल? फक्त त्या त्या अवयवाकडे लक्ष नेऊन म्हणायची.


निवांत नाना

ताई, रामरक्षेचं वाचून चमकलो. इतकी वर्षं 'कीलकम्'ला येईपर्यंत माझी जांभई पूर्ण व्हायची.


तिठा

चर्चा छान चाललीय, त्यात मिठाचा खडा टाकतो.

कुलार्णव तंत्रात आठ पाश सांगितलेत : घृणा, शंका, भय, लज्जा, जुगुप्सा, कुल, शील आणि जाती. यांनी बांधलेला तो पशू, सुटलेला तो महेश्वर. म्हणजे ग्रंथकाराला पूर्ण कळलं होतं की देहाची ओळख हाडामांसात कमी आणि जात-कुळात जास्त आहे. शाब्बास. पण त्याच ग्रंथात पुढे काय? भैरवीचक्र (तांत्रिकांची गोलात बसून करायची सामूहिक पूजा) सुरू झालं की सगळे वर्ण द्विज, आणि चक्र संपलं की 'सर्वे वर्णाः पृथक् पृथक्'. रात्री देहातीत, सकाळी पुन्हा ज्याची त्याची आळी. पाश दोन तास सैल केला आणि परत आवळला, याला मुक्ती म्हणायचं का?

याच्या शेजारी सोयराबाईंचा अभंग ठेवा. 'देहासी विटाळ म्हणती सकळ । आत्मा तो निर्मळ शुद्ध बुद्ध'. आणि पुढे बाई विचारतात की विटाळावाचून कुठला देह निर्माण झाला ते सांगा. त्यांना ना दीक्षा होती, ना चक्रात बसायला जागा. चोखोबांच्या घरात, गावकुसाबाहेर, देहबुद्धीचा सगळ्यात कडक हिशोब मांडला गेला. ज्यांच्या देहाला गाव रोज बाजूला सारतं त्यांना 'देह मी नाही' हा प्रश्न पुस्तकातून शिकावा लागत नाही.


खडीसाखर (धागाकर्ता)

@तिठा, मिठाचा खडा नाही, मुद्द्याचं आहे. चक्राबाहेर पूर्वीसारखं वागा ही सूचना गुप्ततेसाठी होती असा बचाव केला जातो : आत कौल (गुप्त तांत्रिक पंथाचा), बाहेर शैव, लोकांत वैदिक. मला तो बचाव दुबळा वाटतो. निदान त्या श्लोकापुरती तरी साधना समाजाला घाबरली.

पण एक उदाहरण उलट बाजूचंही आहे. वाराणसीची अघोर परंपरा, बाबा कीनारामांची, क्रीं कुंडाची. रीलमध्ये दिसतो तो कवटी-भस्माचा भाग सोडून द्या. अवधूत भगवान राम (१९३७–१९९२) यांनी १९६१ मध्ये श्री सर्वेश्वरी समूह स्थापला आणि पडावला कुष्ठरुग्णांसाठी आश्रम काढला. घृणा आणि जुगुप्सा हे पाश तोडायला पूर्वी स्मशान लागायचं. त्यांनी त्या जागी कुष्ठरोग्याची जखम धुणं आणलं. साधनेचं तत्त्व तेच राहिलं, फायदा मात्र समोरच्या माणसालाही झाला.


डॉक्टर नाईटड्युटी

मनोविकार विभागात काम करतो म्हणून दोन ओळी. श्रद्धेवर शेरा मारायचा नाही.

'शरीर माझं वाटत नाही', 'हात बघतो पण दुसऱ्याचा असावा असं वाटतं', 'मी स्वतःला लांबून बघतोय' या तक्रारी घेऊन लोक आमच्याकडे येतात. डीपर्सनलायझेशन म्हणतात त्याला. जागरणं, तीव्र चिंता, गांजा, जुना मानसिक आघात अशा बऱ्याच कारणांनी होतं. त्यांना यात काहीही आनंद नसतो, ते भेदरलेले असतात. 'शरीर माझं' ही जाणीव मेंदू सतत बांधत असतो आणि ती फसवताही येते. १९९८ मध्ये रबरी हाताचा प्रयोग झाला : खरा हात पडद्याआड, समोर रबरी हात, दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला की थोड्या वेळात माणसाला रबरी हात स्वतःचा वाटू लागतो. त्यामुळे धागाकर्ते म्हणतात तशी ही 'मुरलेली भावना' आहे हे मला पटतं. पण तिचा पाया ठिसूळ असलेल्या माणसाने युट्यूब बघून रात्री एकट्याने शरीर जाळायला बसू नये.

वाचताना एक गोष्ट मला चांगली वाटली. भूतशुद्धीत जाळल्यावर पुन्हा घडवणं आहे, जीव परत आणणं आहे, आणि नंतर लगेच फुलं वाहणं, घंटा वाजवणं, प्रसाद अशी हातांना कामं आहेत. म्हणजे माणूस जमिनीवर परत येतो. ॲपवरच्या 'बॉडी डिझॉल्व्ह' ध्यानांत हा दुसरा अर्धा भाग नसतोच बहुतेकदा. आणि १:४:२ या मापात श्वास रोखणं रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी करू नये, हेही लिहून ठेवतो.


गोमुखी

डॉक्टरांशी सहमत. आमच्याकडेही नवीन माणसाला कुंभक (श्वास रोखणं) करायला लावत नाहीत, नुसत्या जपाने सुरुवात असते. आणि क्रम अर्धवट सोडायचा नाही हा दंडक आहे. फोन वाजला तरी.


निवांत नाना

एक प्रश्न. आमच्या आजोबांच्या तोंडी असायचं की योगी लोक मरताना ब्रह्मरंध्रातून प्राण काढतात, स्वतः ठरवून. तंत्रात तशी क्रिया आहे का? ती तर देहातून सुटायची सगळ्यात सरळ वाट झाली.


खडीसाखर (धागाकर्ता)

आहे, नाना. उत्क्रांती म्हणतात तिला (डार्विनवाली नाही). मालिनीविजयोत्तर तंत्र हा काश्मिरी शैव आचार्य अभिनवगुप्त यांनी सगळ्यात प्रमाण मानलेला आगम, त्यांच्या तंत्रालोकाची ३७ आह्निकं (प्रकरणं) त्याच्या आधारावर उभी आहेत. त्यात योग्याने भोगांना विटून प्राण वर ओढून देह सोडण्याची क्रिया दिलेली आहे.

आणि गंमत म्हणजे अभिनवगुप्त तिथे आपल्याच प्रमाणग्रंथाशी वाद घालतात. शब्दशः खंडन करता येत नाही, आगम आहे. म्हणून ते विचारतात की शिव सर्वव्यापी असेल तर या शरीरातून निघून त्याच्याकडे 'जायचं' म्हणजे काय? तो या शरीरात नाही का? आणि नसेल तर तो सर्वव्यापी कसला? मग ते त्या क्रियेचा अर्थ लावून तिची धार काढून घेतात. देहातून पळायची घाई ही देहबुद्धीच झाली, कारण 'इथे मी, तिथे शिव' हा नकाशा त्यात तसाच राहिला.


अनुस्वार

आता मला बोलायलाच हवं. हा युक्तिवाद अभिनवगुप्तांचा म्हणून सांगताय, पण तो बृहदारण्यकात आधीच आहे. ४.४.६ : न तस्य प्राणा उत्क्रामन्ति, ब्रह्मैव सन्ब्रह्माप्येति. ज्ञान्याचे प्राण बाहेर जातच नाहीत, तो ब्रह्मच असून ब्रह्माला मिळतो. आचार्यांनी याच वाक्यावर भर देऊन सांगितलं की ज्ञान्याला कुठल्या नाडीने, कुठल्या वाटेने जायचं नसतं. तेव्हा तंत्र आणि वेदांत यांच्यात तुम्ही घातलेली भिंत इथे तरी पडली.


खडीसाखर (धागाकर्ता)

इथे पडली, मान्य. हे वाक्य धाग्यात यायलाच हवं होतं.

तरी फरक उरतो तो नंतरचा. ज्ञान झाल्यावर उरलेल्या देहाला वेदांत प्रारब्ध म्हणतो : सुटलेला बाण, वेग संपेपर्यंत जाणार. म्हणजे देह एक शिल्लक देणं आहे. तिकडे ३.२६ त्याला व्रत म्हणतं. मी सध्या दुसऱ्या बाजूला झुकलेला आहे. तुम्ही पहिल्या बाजूने लिहा, प्रारब्धावरचं भाष्य मला पुन्हा वाचायचंच आहे.


अनुस्वार

लिहितो. पण वेगळ्या धाग्यात, इथे पापपुरुष बघतोय.


मोहोळ

त्या धाग्यात चांगदेवपासष्टीही (ज्ञानेश्वरांनी चांगदेवांना उत्तरादाखल पाठवलेल्या पासष्ट ओव्या) घ्या. प्रारब्ध म्हटलं की चौदाशे वर्षं देह टिकवल्याची ख्याती असलेल्या माणसाला कोऱ्या कागदाचं उत्तर काय मिळालं, ते बघायला हवं.